हरिकेनमध्ये घरूनच काम करावे की शहर सोडावे : ह्यूस्टनमधील तीन पर्यायांची तुलना

१ जून ते ३० नोव्हेंबर हा अटलांटिकमधील चक्रीवादळांचा, म्हणजेच हरिकेनचा मोसम असतो, आणि ह्यूस्टनमधल्या कितीतरी मराठी घरांत नेमके याच महिन्यांत भारतातून आईवडील राहायला आलेले असतात. घरून नोकरी करणाऱ्यापुढे अशा वेळी तीन पर्याय असतात. वादळापूर्वीच ऑस्टिन, सॅन अँटोनियो किंवा डॅलस गाठायचे. विजेची आणि इंटरनेटची सोय करून घरीच राहायचे आणि काम चालू ठेवायचे. किंवा वादळाची रात्र घरी काढायची आणि वीज लवकर येत नाही असे दिसताच निघायचे. माझे मत तिसऱ्या पर्यायाच्या बाजूने आहे, परंतु तो सर्वांना लागू पडत नाही, आणि ज्यांना पडत नाही त्यांनी त्याचा मोह धरू नये.

पहिला निकष पाण्याचा

हरिकेनची कॅटेगरी केवळ वाऱ्याच्या वेगावरून ठरते. समुद्राचे पाणी किती आत शिरेल किंवा पाऊस किती पडेल हे त्या आकड्यातून कळत नाही. २०१७ साली हार्वे या हरिकेनने ह्यूस्टन बुडवले तेव्हा त्याचा वारा कधीच मंदावला होता आणि सारे नुकसान पावसाने केले. ॲडिक्स आणि बार्कर या जलाशयांच्या पाठीमागच्या वस्त्यांत, जिथे आपण पूररेषेबाहेर आहोत अशी अनेकांची समजूत होती, तिथेही घरांत पाणी शिरले. म्हणून बातम्यांमधली कॅटेगरी पाहण्याआधी आपला झिप कोड स्थलांतराच्या कोणत्या झोनमध्ये येतो, हे पाहावे. लीग सिटी किंवा क्लिअर लेकसारख्या खाडीलगतच्या भागात तुमचे घर अशा झोनमध्ये असेल आणि बाहेर पडण्याचा आदेश निघाला, तर ही तुलना तुमच्यासाठी तिथेच संपते. नोकरीचा विचार न करता निघावे. केटी, शुगर लँड, सायप्रस हे भाग किनाऱ्यापासून दूर आहेत. तिथे समुद्राच्या उधाणाची भीती नाही, मात्र पावसाच्या पाण्याची असू शकते, आणि मागच्या पुरात आपल्या गल्लीत पाणी कुठवर आले होते हे जुन्या शेजाऱ्याला विचारणे कोणत्याही नकाशाइतकेच उपयोगी ठरते.

आधीच निघण्याचे फायदे आणि त्याची किंमत

आधी निघण्याचा मोठा फायदा घरून काम करणाऱ्यालाच मिळतो : त्याला रजा टाकावी लागत नाही. दोन दिवस आधी लॅपटॉप गाडीत टाकून ऑस्टिनला गेलात, तर कामात फारतर अर्ध्या दिवसाचा खंड पडतो. अडचण निघण्याच्या वेळेची आहे. २००५ मध्ये रिटा हे हरिकेन येत असताना, आधीच्या कतरिना हरिकेनला महिनाही उलटला नव्हता म्हणून भेदरलेले लाखो लोक एकदम रस्त्यावर आले. गाड्या वीस-वीस तास उन्हात अडकल्या, आणि टेक्ससमध्ये गेलेल्या शंभराहून अधिक बळींपैकी बहुतेक वादळाचे नव्हे, तर त्या स्थलांतराचे होते. ज्यांना निघण्याची गरज नव्हती त्यांनीही रस्ते अडवले, हा त्यातला दुःखद भाग आहे. त्यामुळे झोनबाहेर राहणाऱ्याने वादळाला ४८ तास असतानाच निघावे, आणि ती वेळ टळली असेल तर घरीच थांबावे.

आणि ती वेळ नेहमी मिळतेच असे नाही. २०२४ मध्ये बेरिल या हरिकेनच्या मार्गाचा अंदाज सुरुवातीला मेक्सिको आणि दक्षिण टेक्ससकडे होता. तो उत्तरेकडे सरकत गेला तोपर्यंत चार जुलैच्या सुट्टीचे दिवस आले होते आणि ह्यूस्टनकरांच्या हाती फार थोडा अवधी उरला.

एच-वन-बी व्हिसावर असलेल्यांसाठी आणखी एक बाब आहे. दुसऱ्या महानगर क्षेत्रातून काम करण्याला नियमांची मर्यादा आहे, आणि कंपनीच्या वकिलाकडून काय चालेल व किती दिवस चालेल हे मोसम सुरू होण्यापूर्वीच लेखी घेऊन ठेवावे. वादळाच्या आदल्या संध्याकाळी ते उत्तर मिळत नाही.

घरी राहायचे तर खरा प्रश्न विजेचा आणि उकाड्याचा

८ जुलै २०२४ च्या पहाटे बेरिल माटागोर्डाजवळ किनाऱ्यावर आले ते कॅटेगरी एकचे, म्हणजे सर्वांत खालच्या दर्जाचे हरिकेन म्हणून. तरीही सेंटरपॉइंट या वीजकंपनीच्या २२ लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली आणि कित्येकांची आठवडाभर परतली नाही. महाराष्ट्रात लोडशेडिंग पाहत वाढलेल्या माणसाला वीज जाण्याचे भय वाटत नाही, पण तो अनुभव इथे फसवा ठरतो. तिकडची घरे वारा खेळावा म्हणून बांधलेली, छत काँक्रीटचे, डोक्यावर पंखा आणि कोपऱ्यात इन्व्हर्टर. इथले लाकडी, बंदिस्त घर एसीच्या भरवशावरच उभे असते, आणि एसी बंद झाला की वरचा मजला दुपारी राहण्याजोगा राहत नाही. बेरिलच्या दुसऱ्या दुपारी आमच्या वरच्या खोलीत लॅपटॉपचा पंखा एकसारखा घरघरत होता, मनगट टेबलाला चिकटत होते, आणि खाली आई मानेवर ओला पंचा टाकून दाराच्या फटीतून येणाऱ्या वाऱ्याकडे तोंड करून बसली होती. त्या अवस्थेत मीटिंगला हजेरी लावता येते. विचार करून करण्याचे काम होत नाही.

विजेच्या सोयींची तुलना याच दृष्टीने करावी. एक युनिट साठवणारे बॅटरीचे पॉवर स्टेशन घेतले, तर लॅपटॉप, राऊटर आणि फायबर इंटरनेटचा डबा मिळून ८० वॅटच्या आसपासचा भार ते सुमारे दहा तास ओढते. म्हणजे कामाचा एक दिवस निघतो. वादळानंतर ऊन कडक पडते, त्यामुळे २०० वॅटचे सोलर पॅनेल जोडल्यास त्यातला बराच भाग रोज भरून निघतो. हे उपकरण घरात ठेवता येते, आवाज करत नाही, आणि अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्याला जवळजवळ हाच एक पर्याय आहे, कारण बाल्कनीत जनरेटर लावणे जीवघेणे असते. पण त्यावर खिडकीतला लहानसा एसीदेखील दोन तासांत बॅटरी संपवतो. नोकरी वाचते, घर थंड होत नाही.

दोन हजार वॅटचा पेट्रोलवरचा इन्व्हर्टर जनरेटर खिडकीतला लहान एसी, फ्रीज आणि कामाचे सामान एकत्र चालवतो. एक खोली थंड राहिली की सगळे कुटुंब तिथे झोपू शकते. मात्र रात्रंदिवस चालवल्यास त्याला दिवसाला चार-पाच गॅलन पेट्रोल लागते, आणि वीज नसलेल्या भागात पेट्रोल पंपही बंदच असतात. शिवाय कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. जनरेटर दारे-खिडक्यांपासून किमान वीस फूट दूर, उघड्यावर ठेवावा. गॅरेजचे दार उघडे आहे म्हणून आत ठेवणे चालत नाही. बेरिलनंतर ह्यूस्टनमध्ये या वायूने माणसे दगावली आहेत, म्हणून हे आग्रहाने सांगतो.

नैसर्गिक वायूवर आपोआप सुरू होणारा, संपूर्ण घराचा जनरेटर या दोन्हींपेक्षा सर्व बाबतींत सरस आहे, पण खर्च दहा हजार डॉलरच्या पुढे जातो, परवानगी लागते, आणि मोसमाच्या तोंडावर बसवून मिळणे कठीण असते. घर स्वतःचे असेल, पुढची दहा वर्षे तिथेच राहायचे असेल आणि आईवडील दर उन्हाळ्यात येणार असतील, तर तो खर्च मला योग्य वाटतो.

इंटरनेट

फायबर आणि केबल यांत फरक आहे. फायबरच्या वाटेत, म्हणजे कंपनीच्या केंद्रापासून तुमच्या घरापर्यंत, बहुधा विजेवर चालणारे काही नसते. झाड पडून तार तुटली नाही तर घरातल्या डब्याला वीज देताच जोडणी सुरू होते. केबलच्या जाळ्यात गल्लीगल्लीतल्या उपकरणांना वीज लागते, त्यांच्या बॅटऱ्या काही तासांत संपतात, आणि मग तुमच्याकडे जनरेटर असूनही राऊटरचा दिवा लाल राहतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर पहिल्या दिवशी भिस्त ठेवू नये, कारण टॉवर कमी आणि त्यावर सारे शहर अशी स्थिती होते. संदेश जातात, व्हिडिओ कॉल तुटतात. उपग्रहाचे इंटरनेट वादळ ओसरल्यावर उत्तम चालते, फक्त वाऱ्यापूर्वी डिश उतरवून आत घ्यावी लागते. एकच गोष्ट घ्यायची असेल तर मी दुसऱ्या कंपनीचे प्रीपेड सिम घेईन.

कामाबद्दल

वादळ डोक्यावरून जात असताना काम चालू ठेवावे, असे मला मुळीच वाटत नाही. आदल्या दिवशी साहेबांना स्पष्ट कळवावे की पुढचे दोन दिवस मी उपलब्ध आहे असे धरू नका. ऑन-कॉलची पाळी पुण्याच्या किंवा अन्य गावच्या सहकाऱ्याकडे सोपवावी, अर्धवट काम सर्व्हरवर चढवून ठेवावे, आणि लॉगिनचा कोड केवळ मोबाइलवर येत असेल तर नेटवर्कविना चालणारी दुसरी सोय करून घ्यावी.

रात्र घरी, मग रस्ता

झोनबाहेरच्या निरोगी कुटुंबासाठी हा पर्याय मला सर्वांत बरा वाटतो, कारण त्यात रिटासारखी कोंडी टळते, पत्रा उडाला किंवा काच फुटली तर लगेच झाकता येते, आणि उकाड्याचे लांबलेले दिवसही सोसावे लागत नाहीत. ज्यांच्या घरात तान्हे मूल आहे, इन्शुलिन घेणारे किंवा हृदयविकार असलेले वडीलधारे आहेत, त्यांनी मात्र हा पर्याय सोडून आधीच निघावे.

निघायचे कधी, हे अगोदर ठरवून ठेवावे. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वीजकंपनीने तुमच्या भागासाठी तारीख दिली नाही, तर निघायचे, असा सरळ नियम पुरे. बेरिलच्या वेळी वीजकंपनीचा खंडित पुरवठ्याचा नकाशाच बंद होता आणि लोक व्हॉटाबर्गर या बर्गरच्या दुकानांच्या साखळीच्या ॲपवर कोणती दुकाने उघडी आहेत ते पाहून वीज कुठे आहे याचा अंदाज बांधत होते, तेव्हा अधिकृत माहितीची वाट पाहत बसू नये. वादळापूर्वी गाडीची टाकी भरून ठेवावी, म्हणजे वाटेत पंप शोधावा लागत नाही. हॉटेलची खोली वादळ येण्यापूर्वीच, रद्द करता येईल अशा दराने, दोन वेगवेगळ्या दिशांना राखून ठेवावी : एक ऑस्टिन किंवा सॅन अँटोनियोकडे, दुसरी डॅलसकडे, वादळ कोणत्या बाजूने वळले ते पाहून त्यातली एक सोडून द्यावी.