बार्बाडोसमधलं एक खास जेवण: सँडी लेनचा गोल्फ क्लब की ऑयस्टिन्सची शुक्रवार रात्र?

२९ जून २०२४ ला ब्रिजटाउनच्या केन्सिंग्टन ओव्हलवर भारताने टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला आणि आपल्याकडच्या क्रिकेटवेड्यांना बार्बाडोस या कॅरिबियन बेटाचं नाव पाठ झालं. न्यूयॉर्क-मायामीकडे राहणाऱ्यांना तर थेट विमान आहे. तिथे पोचल्यावर प्रश्न पडतो तो हा: सहलीतलं एक मोठं जेवण गोल्फ रिसॉर्टमध्ये जेवायचं, की मासळीच्या बाजारात?

सँडी लेन हे गोल्फ रिसॉर्ट हॉटेल पश्चिम किनाऱ्यावर आहे, १९६१ पासून. गोल्फचे कोर्स तीन. एक जुना नऊ होलांचा. कंट्री क्लब आणि ग्रीन मंकी हे दोन टॉम फाझिओ यांनी आखलेले. ग्रीन मंकी चुनखडीच्या जुन्या खाणीत वसवलाय आणि तिथे फक्त हॉटेलात उतरलेल्यांनाच खेळता येतं. कंट्री क्लबवर २००६ साली गोल्फचा विश्वचषक झाला होता. या क्लबहाउसमध्ये जेवायला गोल्फची काठी धरता आली पाहिजे असं काही नाही, पण टेबल आधी राखून ठेवा. नाताळच्या सुमारास तर फार आधी.

माझं मत सरळ आहे: गोल्फ क्लबात जायचं तर दुपारीच. बेट विषुववृत्तापासून जेमतेम तेरा अंशांवर, त्यामुळे बाराही महिने सूर्य साडेपाच ते साडेसहाच्या आसपास मावळतो. आठ वाजता टेबलावर बसलात तर ज्या हिरवळीचे पैसे मोजताय ती काळोखात बुडालेली असते. रात्रीच जायचं असेल तर त्याच हॉटेलचं समुद्राकाठचं लाकाजू हे रेस्टॉरंट बरं. तिथलं जेवण फ्रेंच वळणाचं, वाढणं चोख. फक्त असं जेवण लंडनलाही मिळतं, हे मनात येत राहतं.

मागवायचं काय? बार्बाडोस आपल्या अन्नाचा बराच मोठा भाग बाहेरून आणतं. क्लबच्या ताटातलं स्टेक समुद्र ओलांडून आलेलं असतं आणि तो प्रवास बिलात दिसतो. म्हणून इथेही मासाच घ्यावा: माही-माही किंवा ट्यूना.

आणि मासाच खायचा तर ऑयस्टिन्सचा विचार करायलाच हवा. दक्षिण किनाऱ्यावरचं हे कोळ्यांचं गाव. बाजाराशेजारी टपऱ्यांची रांग, समोर लाकडी बाकं, स्पीकरवर सोका, म्हणजे तिथलं नाचाचं संगीत. शुक्रवारी रात्री सगळं बेट इथे लोटतं. माही-माही, मार्लिन, स्वोर्डफिश, मिळाला तर उडता मासा. विस्तवावर भाजून किंवा तळून. सोबत मॅकरोनी पाय (चीज घालून भाजलेली मॅकरोनी), तळलेली केळी, आणि मोहरी-हळद घातलेला पिवळा झणझणीत पेपर सॉस. आपल्या जिभेला जे हवं असतं ते त्या सॉसमध्ये आहे. रिसॉर्टमध्ये तो मागून घ्यावा लागतो. कुठे कू-कू दिसलं तर सोडू नका. मक्याचं पीठ भेंडीच्या पाण्यात घोटून केलेलं, आपल्या उकडीसारखं मऊ, वर उडत्या माशाचा रस्सा. बार्बाडोसचं राष्ट्रीय जेवण तेच.

खर्चाची तुलना करण्यात अर्थ नाही. क्लबातल्या एका मुख्य पदार्थाच्या पैशांत ऑयस्टिन्सला दोघंतिघं पोटभर जेवतात. मात्र मेन्यूवर नुसतं डॉलरचं चिन्ह असेल तर कुठला डॉलर ते विचारा. एक अमेरिकन डॉलर म्हणजे दोन बार्बाडोसचे, त्यामुळे चुकलात तर बिल दुप्पट. १७.५ टक्के व्हॅट आणि सेवाशुल्क किमतीत धरलंय का, हेही तेव्हाच विचारून घ्या.

आई-बाबा बरोबर असतील तर मी क्लब निवडेन. ऑयस्टिन्सला रांग असते, गोंगाट असतो, बाकाला पाठ नसते. मुलं दहा-बारा वर्षांची असतील तर उलट. शाकाहारी माणसालाही क्लबच बरा. आधी कळवलं की स्वयंपाकघर काहीतरी नीट करून देतं. ऑयस्टिन्सला त्याच्या वाट्याला मॅकरोनी पाय, केळी आणि कोशिंबीर एवढंच येतं. राइस अँड पीज, म्हणजे कडधान्य घातलेला भात, निर्धोक वाटतो, पण त्यात कधीकधी खारवलेलं डुकराचं मांस घालतात, तेव्हा विचारल्याशिवाय घेऊ नका.

कपड्यांचं म्हणाल तर क्लबात कॉलरचा शर्ट हवा, ऑयस्टिन्सला चपलाही चालतात. लष्करी छापाचे कपडे मात्र कुठेच नकोत, लहान मुलांचेसुद्धा. सैन्याबाहेरच्यांनी ते घालणं बार्बाडोसमध्ये गुन्हा आहे.

लग्नाचा वाढदिवस वगैरे असेल आणि दोन्ही जमवायचं असेल, तर शुक्रवार धरा. दुपारी क्लबात एकच पदार्थ आणि एखादा रम पंच, मग समुद्रात डुंबणं. संध्याकाळी ब्रिजटाउनला येऊन ऑयस्टिन्सकडची झेडआर व्हॅन, म्हणजे तिथली खासगी प्रवासी व्हॅन, पकडा. साडेतीन बार्बाडोस डॉलर, कान फुटतील एवढं संगीत. सातच्या आत पोचलात तर बसायला जागा मिळते.