अवघड मोल्डमधे हाताने कार्बन लावायचाय: वेट लेअप, इन्फ्युजन की प्रीप्रेग?

कार्बन फायबरच्या कापडाचा पार्ट बनवायची पद्धत ठरवायच्या आधी मोल्डमधे (साच्यात) बोट फिरवून बघा. आतला सगळ्यात बारीक कोपरा किती रेडियसचा आहे आणि तो मोल्ड किती डिग्रीपर्यंत तापवता येईल, या दोन गोष्टी कळल्या की निम्मा निर्णय झालाच समजा. बरेचजण उलटं करतात, रेझिन (कापडात मुरून नंतर कडक होणारा चिकट द्रव) आणि कापड आधी घेऊन ठेवतात आणि मग कोपऱ्यांशी झगडत बसतात.

कारण तिन्ही पद्धतींचा शत्रू एकच आहे, ब्रिजिंग. कापड कोपऱ्यात बसायच्या ऐवजी एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर पुलासारखं अधांतरी राहतं, आणि मागची पोकळी एकतर नुसत्या रेझिनने भरते (मग ती कड ठिसूळ, पहिल्याच धक्क्याला उडते) नाहीतर रिकामीच राहते. कार्बनचा धागा दीड-दोन टक्के ताणला की तुटतो, म्हणजे व्हॅक्यूमने दाबून तो लांबेल ही आशा सोडा. कापड सरकून आत गेलं पाहिजे, नाहीतर कोपऱ्यातच कापून तिथे ओव्हरलॅप दिला पाहिजे, तिसरा मार्ग नाही. आणि आत अडकलेल्या हवेला हलकं घेऊ नका, व्हॉइड्स (हवेच्या पोकळ्या) एक टक्क्याने वाढले की लेअर्समधली शिअर ताकद (लेअर एकमेकांवरून न सरकण्याची) साधारण सात टक्क्यांनी उतरते असं धरतात.

वेट लेअप. ब्रश, रोलर, इपॉक्सी रेझिन, झालं. खर्च सगळ्यात कमी, ओव्हन नको, आणि ओलं कापड वळतंही छान. म्हणून नवीन माणूस इथून सुरू करतो, आणि माझं स्पष्ट मत आहे की अवघड मोल्डसाठी हीच सगळ्यात कठीण पद्धत आहे. एकदा रेझिनमधे हार्डनर (ते कडक करणारा घटक) मिसळला की घड्याळ सुरू, उभ्या भिंतीवरचं कापड हळूहळू खाली घसरतं, तुम्ही ते वर ढकलता तर विणच वाकडी होते, तेवढ्यात दुसऱ्या कोपऱ्यातलं उचललेलं असतं आणि कपमधलं रेझिन गरम व्हायला लागलेलं असतं. मी एका खोल डक्टच्या मोल्डवर तीन लेअर असे लावले होते, बाहेरून दिसायला बरा निघाला, पण कापून बघितला तर एकाही आतल्या कोपऱ्यात फायबर मोल्डला टेकलेलं नव्हतं, त्या दिवशी फार वाईट वाटलं. वर व्हॅक्यूम बॅग (आतली हवा पंपाने काढलेली, पार्टला दाबणारी प्लास्टिकची पिशवी) घातली तर जास्तीचं रेझिन निघतं आणि पार्ट बराच सुधारतो, पण चुकीचं बसलेलं कापड बॅग सरळ करून देत नाही. उथळ आकार, एखादाच पार्ट, रिपेअर, यासाठी वेट लेअप चांगला.

इन्फ्युजन. इथे कापड कोरडं लावायचं आणि रेझिन नंतर व्हॅक्यूमने आत ओढायचं, त्यामुळे घाई नाही, दिवसभर घ्या. फायबरचं प्रमाण आकारमानाने पन्नास टक्क्यांच्या वर सहज जातं, आणि मोठ्या, मोकळ्या वळणांच्या पार्टसाठी याच्याइतकं समाधान कशात नाही. अडचण अशी की कोरड्या कापडाला चिकटपणा नसतो, खोल भिंतीवर ते टिकवायला स्प्रे ॲडहेसिव्ह लागतो आणि तो जास्त झाला की पृष्ठभागावर डाग दिसतात. दुसरं म्हणजे कोपऱ्यात ब्रिजिंग झालं असेल तर ती पोकळी रेझिनला हायवे वाटते, रेझिन तिथून पळत पुढे जातं आणि मधला भाग कोरडा राहतो, आणि एकदा रेझिन आत शिरलं की मग फारसं काही करता येत नाही, बघत राहायचं. त्यामुळे ड्रॉप टेस्ट सोडू नका. पूर्ण व्हॅक्यूम घ्या, पंपाची लाइन बंद करा, गेजचा काटा निदान अर्धा तास हलला नाही पाहिजे. एक बारीक लीक म्हणजे पार्टभर बुडबुडे.

आता प्रीप्रेग, म्हणजे आधीच रेझिन भरून आलेलं कापड. लोक याला घाबरतात, महाग, फ्रीझर पाहिजे (उणे १८ च्या आसपास), ओव्हन पाहिजे, सगळं खरं आहे. पण हातांसाठी हीच सगळ्यात दयाळू पद्धत आहे. तुकडा जिथे लावाल तिथे चिकटून राहतो, हेअर ड्रायरने जरा गरम केला की मऊ होऊन वळतो, चुकला तर काढून परत लावता येतो, आणि रेझिनचं प्रमाण कारखान्यातूनच ठरून आलेलं असतं. कोपऱ्यात आधी लावा, प्लास्टिकच्या पट्टीने आत दाबा, आणि मग भिंतींकडे बाहेर जा, भिंतींकडून कोपऱ्याकडे कधीच नको. पहिल्या लेअरनंतर आणि पुढे दर तीन-चार लेअरनंतर व्हॅक्यूमखाली दहा-पंधरा मिनिटं डीबल्क करा (म्हणजे लेअर दाबून ठेवा), कंटाळा येतो पण हवा इथेच निघते. बॅग लावतानाही कोपऱ्यांपाशी भरपूर प्लीट्स (जास्तीच्या घड्या) ठेवा, कारण बॅगच पुलासारखी ताणली गेली तर खाली प्रेशर पोचणारच नाही. फ्रीझरमधून काढलेला रोल पूर्ण रूम टेंपरेचरला येईपर्यंत पिशवी उघडू नका, नाहीतर त्यावर ओल धरते आणि ती क्युअरमधे (रेझिन तापून कडक होताना) व्हॉइड बनून बसते.

ऑटोक्लेव्ह (आत हवेचा दाबही देणारा ओव्हन) पाहिजेच का? व्हॅक्यूम बॅगने जास्तीत जास्त एक बार दाब मिळतो, ऑटोक्लेव्हमधे सहा-सात बार, त्यामुळे राहिलेले बुडबुडे चिरडले जातात. पण फक्त व्हॅक्यूमवर क्युअर होणारी प्रीप्रेग मिळतात, ती कडेने श्वास घेतात, म्हणून कडा ब्रीदरला (बॅगखालच्या, हवा वाहून नेणाऱ्या जाड कापडाला) जोडलेल्या ठेवायच्या. ज्यावर कोणाचा जीव अवलंबून नाही अशा पार्टला ओव्हन पुरतो.

मोल्डचं मात्र बघा. प्रीप्रेगला ८० ते १२० डिग्री सहन करणारा मोल्ड लागतो, पीएलएमधे (थ्रीडी प्रिंटरच्या प्लास्टिकमधे) प्रिंट केलेला मोल्ड ६० च्या आसपासच मऊ पडतो. ॲल्युमिनियमचा असेल तर तो तापून फुगतो आणि कार्बन जवळजवळ फुगत नाही, थंड होताना मोल्ड पार्टला आवळून धरू शकतो, हे डिझाइन करतानाच धरा.

पद्धत कुठलीही असो, कापड टू बाय टू ट्विल किंवा सॅटिन विणीचं घ्या, प्लेन विण दुहेरी वळणावर लवकर अडते आणि सुरकुती पडते.

तर माझं म्हणणं असं, मोल्ड खोल आहे, कोपरे पाच मिलिमीटरपेक्षा बारीक आहेत आणि मोल्ड तापतो, तर सरळ प्रीप्रेग घ्या, बाकी विचार नको. मोल्ड तापत नाही पण वळणं मोकळी आहेत, तर इन्फ्युजन. मोल्ड तापत नाही आणि कोपरेही बारीक, तर पद्धत बदलण्याआधी मोल्ड दोन भागात स्प्लिट करता येतो का बघा, दोन्ही भाग वेगवेगळे उघडे असताना हात आत पोचतो. आणि प्रीप्रेग घेतलंत तर तुकड्यांना नंबर टाका आणि सोललेल्या बॅकिंग फिल्म एका डब्यात जमा करून शेवटी मोजा, एक जरी कमी भरली तरी बॅग बंद करू नका, ती दोन लेअरच्या मधेच राहिलेली असणार.