कन्सील्ड कॅरी परवान्याचे प्रशिक्षण: ऑनलाइन करावे की प्रत्यक्ष वर्गात?

अमेरिकेत अंगावर लपवून पिस्तूल बाळगण्याचा परवाना केंद्र सरकार देत नाही, राज्य देते. त्यामुळे प्रश्न एकच असला तरी टेक्ससच्या प्लॅनोत, व्हर्जिनियाच्या अ‍ॅशबर्नमध्ये आणि न्यू जर्सीच्या एडिसनमध्ये त्याची उत्तरे वेगवेगळी आहेत. टेक्ससमध्ये कायद्याचा भाग घरबसल्या पूर्ण करता येतो. व्हर्जिनियात निव्वळ ऑनलाइन प्रमाणपत्र चालत नाही. न्यू जर्सीत रेंजवरची (नेमबाजीच्या जागेवरची) चाचणी दिल्याशिवाय परवाना मिळत नाही. म्हणून पैसे भरण्याआधी आपल्या राज्याचा चालू नियम राज्य पोलीस किंवा सार्वजनिक सुरक्षा विभागाच्या संकेतस्थळावर वाचा. कोर्स विकणाऱ्याच्या जाहिरातीवर विसंबू नका.

आधी व्हिसा

आपल्या लोकांसाठी हा मुद्दा सगळ्यात आधी येतो. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ अशा बिगर-स्थलांतरित व्हिसावर प्रवेश केलेल्या व्यक्तीला केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगण्यास मनाई आहे. अपवाद मोजके आहेत, त्यातला नेहमीचा म्हणजे एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना. भाड्याने घेतलेले पिस्तूल रेंजवर हातात घेणे हेही 'जवळ बाळगणे'च ठरू शकते. म्हणजे अशा व्हिसाधारकाने ऑनलाइन व्याख्यान ऐकले तर काही बिघडत नाही, पण प्रत्यक्ष वर्गातला गोळीबाराचा भाग त्याला थेट गुन्ह्यात नेऊ शकतो. शस्त्रासंबंधी दोषसिद्धी हे देशाबाहेर काढण्याचे कारण असते, त्यामुळे इथे 'चालतं हो, सगळेच जातात' असे म्हणणाऱ्या मित्राचे ऐकू नका. ग्रीन कार्डधारकाला केंद्रीय कायद्याने मुभा आहे. पुढचे सारे त्याच्यासाठी आणि नागरिकांसाठी.

राज्ये कुठे झुकत आहेत

निव्वळ ऑनलाइन प्रमाणपत्राची वाट वर्षागणिक अरुंद होत आहे. व्हर्जिनियात पूर्वी तासाभराचा व्हिडिओ आणि थोडी प्रश्नोत्तरे एवढ्यावर काम होत असे. १ जानेवारी २०२१पासून ते बंद झाले आणि प्रशिक्षकासमोर प्रत्यक्ष बसणे बंधनकारक झाले. कोलोरॅडोने निव्वळ ऑनलाइन वर्ग २०१३मध्येच नाकारले. १ जुलै २०२५पासून तिथे किमान ८ तासांचा प्रत्यक्ष वर्ग, लेखी परीक्षा आणि गोळीबाराची चाचणी लागते. न्यू यॉर्कमध्ये १ सप्टेंबर २०२२पासून १६ तास वर्ग आणि २ तास रेंज असे १८ तास आहेत, लेखी परीक्षेत ८० टक्के हवेत. मेरीलँड, इलिनॉय आणि कॅलिफोर्निया या तिन्ही राज्यांत पहिल्या परवान्याला १६ तास लागतात. या राज्यांत राहणाऱ्याला निवड फक्त प्रशिक्षकाची करायची आहे, पद्धतीची नाही.

दुसऱ्या टोकाला पेनसिल्व्हेनिया: तिथे परवान्यासाठी प्रशिक्षणाची अटच नाही, काउंटीच्या शेरीफकडे अर्ज द्यायचा. आणि २०२४ अखेर २९ राज्यांत प्रौढ, अपात्र नसलेल्या माणसाला परवान्याविना पिस्तूल बाळगता येते. टेक्सस त्यांपैकीच, सप्टेंबर २०२१पासून. मग तिथे परवाना कशाला? शाळेपासून १००० फुटांच्या आत बंदूक नेण्यास केंद्रीय बंदी आहे आणि तिच्यातून सूट मिळते ती त्याच राज्याचा परवाना असणाऱ्याला. डॅलसच्या उपनगरांत शाळांचे हे वर्तुळ टाळून गाडी चालवणे जवळपास अशक्य आहे. दुसऱ्या राज्यात मान्यता मिळते तीही परवान्यालाच. मात्र न्यू यॉर्क, मेरीलँड, इलिनॉय ही राज्ये बाहेरचा परवाना मानत नाहीत. टेक्ससचे कार्ड तिथे संरक्षण देत नाही.

टेक्सस: दोन्ही पद्धती शेजारी शेजारी

खरी निवड करण्याची मुभा इथे आहे. अभ्यासक्रम ४ ते ६ तासांचा. त्यात चार विषय येतात: शस्त्रे व प्राणघातक बळाच्या वापराचा कायदा, पिस्तुलाचा सुरक्षित वापर, हाणामारीविना वाद मिटवणे आणि लहान मुलांच्या हाती लागणार नाही असे शस्त्र ठेवणे. २०१७पासून हा भाग राज्याने मान्यता दिलेल्या ऑनलाइन संस्थेकडून करता येतो. गोळीबाराची चाचणी मात्र कुठल्याही वाटेने गेलात तरी प्रमाणित प्रशिक्षकासमोरच. सगळे प्रत्यक्ष केलेत तर एलटीसी-१०० (एलटीसी म्हणजे लायसन्स टू कॅरी, टेक्ससचा परवाना) हे प्रमाणपत्र मिळते. ऑनलाइन केलेत तर रेंजसाठी एलटीसी-१०१ वेगळे घ्यावे लागते, आणि त्या भेटीत प्रशिक्षकाने एक ते दोन तासांचे शिकवणेही अपेक्षित असते.

लोक इथेच फसतात. 'शंभर टक्के ऑनलाइन' वाचून पैसे भरतात, परीक्षा पास होतात आणि मग कळते की अर्ज अपुरा आहे. कोर्स स्वस्त मिळाला तरी रेंजचे शुल्क, काडतुसे आणि पिस्तूल नसेल तर भाडे हे सगळे वेगळे. बेरीज केली की दोन्ही वाटांमधला पैशांचा फरक किरकोळ उरतो. राज्याचे शुल्क ४० डॉलर, ते दोघांनाही सारखेच. वाचतो तो वेळ: शनिवारचा अख्खा दिवस न देता रात्री मुले झोपल्यावर दोन-तीन बैठकांत काम होते.

कायदा शिकण्यासाठी मला ऑनलाइनच उजवे वाटते, आणि हे मी सोयीपोटी म्हणत नाही. टेक्ससमध्ये दारावरच्या पाट्यांचे अर्थ वेगळे आहेत. ३०.०६ची (हे आकडे दंडसंहितेच्या कलमांचे) पाटी परवानाधारकाने लपवून नेलेल्या पिस्तुलाला बंदी करते, ३०.०७ उघड बाळगण्याला, ३०.०५ परवाना नसलेल्याला. लाल अक्षरांतली '५१ टक्के' पाटी म्हणजे मुख्यतः दारूवर चालणारी जागा, तिथे कोणालाच नाही. हे एका दमात ऐकून लक्षात राहत नाही. व्हिडिओ थांबवून, मागे नेऊन, पाटीचे चित्र बघून लक्षात राहते. इंग्रजी कायद्याची भाषा जड जाणाऱ्या आई-बाबांच्या वयाच्या अर्जदाराला तर हा मोठाच आधार. एक अडचण मात्र ध्यानात ठेवा: रेकॉर्ड केलेला कोर्स जुना असू शकतो. परवान्याविना बाळगण्याच्या २०२१च्या कायद्याचा त्यात उल्लेख नसेल, तर तो सोडा.

प्रश्न विचारायचे असतील तर मात्र समोर माणूस हवा. आपल्याकडचे उदाहरण: महाराष्ट्र मंडळाचा गणेशोत्सव भाड्याने घेतलेल्या हायस्कूलच्या सभागृहात असतो. त्या इमारतीत परवाना असला तरी पिस्तूल नेणे टेक्ससमध्ये गंभीर गुन्हा आहे, रविवार असो वा सुट्टी. मग ते गाडीत कुठे आणि कसे ठेवायचे? ऑनलाइन प्रश्नमंजूषेत हे येत नाही. चांगला प्रशिक्षक पाच मिनिटांत समजावतो.

हात कुठे शिकतो

टेक्ससची चाचणी ५० गोळ्यांची: ३ यार्डांवरून २०, ७ यार्डांवरून २०, १५ यार्डांवरून १०. माणसाच्या आकाराचे बी-२७ लक्ष्य, २५०पैकी १७५ गुण हवेत. कागदावर सोपे वाटते, आणि थोडा सराव असलेल्याला सोपे आहेही. पहिल्यांदाच पिस्तूल धरणारा मात्र ठरावीक चुका करतो. उजव्या हाताच्या नेमबाजाच्या गोळ्या लक्ष्याच्या खाली डावीकडे जमा होतात, कारण धक्का येणार या धास्तीने तो चाप दाबण्याऐवजी अख्खी मूठ आवळतो. हे त्याचे त्याला दिसत नाही, आवाज आणि धक्का यांत झाकले जाते. प्रशिक्षक मॅगझिनमध्ये (काडतुसे भरण्याच्या कप्प्यात) मधेच एक नकली काडतूस घालतो. ते आले की आवाज होत नाही, पण नळी खाली झुकलेली सगळ्यांना दिसते. स्क्रीनवर हे निदान होऊ शकत नाही.

दुसरी चूक मनगटाची. मनगट ढिले राहिले की सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलाचा स्लाइड (वरचा सरकणारा भाग) पुरता मागे जात नाही आणि झाडलेल्या काडतुसाचे रिकामे आवरण बाहेर पडताना अडकते. नवखा माणूस पिस्तुलाला दोष देतो आणि अडकलेले बघायला नळी वळवतो, कधी शेजारच्या लेनकडे. रेंजवरचे अपघात अशा क्षणी होतात. मॅगझिन खालून थापटणे, स्लाइड मागे खेचून सोडणे, नळी समोर ठेवणे, बोट चापाबाहेर ठेवणे: हा क्रम वाचून पाठ होतो, पण हाताला मुरतो तो कोणी खांद्याशी उभे राहून दहा वेळा करून घेतल्यावरच.

तिसरी, आणि अंगावर बाळगणाऱ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची: होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचे म्यान. पिस्तूल परत ठेवताना शर्टाची कड किंवा जॅकेटची दोरी चापाच्या कड्यात अडकली तर गोळी मांडीत जाते. कपडा दुसऱ्या हाताने बाजूला धरून, बघत, सावकाश ठेवायचे. टेक्ससची चाचणी होल्स्टरमधून पिस्तूल काढायला लावत नाही, म्हणून नुसती चाचणी घेणाऱ्या रेंजवर हे शिकवलेच जात नाही.

यावरून प्रत्यक्ष वर्ग आपोआप चांगला ठरतो असे समजू नये. व्हर्जिनियाच्या कायद्यात एकही गोळी झाडण्याची अट नाही. तिथे खुर्चीत बसून, पडद्यावरची चित्रे पाहून बाहेर पडलेला माणूस कोर्टाला चालतो. पंचवीस विद्यार्थी आणि एक प्रशिक्षक असेल तर रेंजवर वाट्याला दहा मिनिटे येतात. असा वर्ग ऑनलाइनपेक्षा फक्त कागदावर सरस.

कोणी काय निवडावे

टेक्ससमध्ये राहता आणि पिस्तूल आधीपासून चालवता? ऑनलाइन करा, एलटीसी-१०१ देणारा प्रशिक्षक कोर्स सुरू करण्याआधी शोधून ठेवा. प्रमाणपत्र दोन वर्षे चालते, त्यामुळे घाई नाही. ओहायोतही अशीच जोडणी शक्य आहे: एकूण ८ तास, त्यातले किमान २ रेंजवर प्रत्यक्ष.

कधीच गोळी झाडली नसेल तर राज्य कुठलेही असो, आधी छोट्या गटाचा नवशिक्यांचा वर्ग घ्या, परवान्याचा नंतर. व्हर्जिनियात असाल तर गोळीबारासह असणारा वर्ग मुद्दाम निवडा, मग एसपी-२४८ अर्ज आपल्या काउंटीच्या सर्किट कोर्टात द्या. शुल्क जास्तीत जास्त ५० डॉलर, निर्णयाला ४५ दिवस, परवाना ५ वर्षांचा.

'अर्ध्या तासात अनेक राज्यांत चालणारा परवाना' असे सांगणाऱ्या जाहिराती अजून दिसतात. त्या विकतात ते प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र. परवाना सरकारी यंत्रणेकडे अर्ज, अनेक राज्यांत बोटांचे ठसे आणि पार्श्वभूमी तपासणी होऊनच मिळतो, आणि अनेक राज्ये आपल्या रहिवाशाकडे दुसऱ्या राज्याने अनिवासींना दिलेला परवाना असला तर तो मानत नाहीत.

प्रत्यक्ष वर्गाला नोंदणी करताना चार गोष्टी विचारा: रेंजवर एका प्रशिक्षकामागे किती जण, किती गोळ्या, होल्स्टर शिकवणार का, चाचणी नापास झाल्यास पुन्हा संधी किती पैशांत. सोबत १०० काडतुसे न्या, कारखान्यात बनलेली, पिस्तुलाच्या नळीवर कोरलेल्या मापाचीच. गळाबंद टी-शर्ट आणि टोपी घाला. तापलेले आवरण उडून कॉलरमध्ये शिरले की माणूस भरलेले पिस्तूल हातात घेऊन नाचतो. पिस्तूल रिकामे, बंद पेटीत, काडतुसे वेगळी.

प्रमाणपत्रावरचे नावही तिथेच तपासा. आपल्याकडे मधले नाव वडिलांचे किंवा नवऱ्याचे असते. ड्रायव्हिंग लायसन्सवर ते असते आणि प्रशिक्षक घाईत गाळतो. अर्जावर एक आणि प्रमाणपत्रावर दुसरे असे झाले की फाइल अडकू शकते आणि दुरुस्तीसाठी पुन्हा त्याच प्रशिक्षकाला गाठावे लागते.