गुरूजवळचं उपकरण: पेटीत ठेवायचं, की नेमकं कवच घालायचं?

गुरू ग्रहाच्या किरणोत्सर्गी पट्ट्यांत (तिथे वेगवान इलेक्ट्रॉनसारखे कण अडकून फिरतात) जाणाऱ्या उपकरणाचं कवच ठरवताना "धातू कोणता?" हा पहिला प्रश्न नको. उपकरण टिकावं म्हणून कवच हवंय, की त्याला नीट दिसावं म्हणून, हे आधी ठरवा. दोन्ही दुखणी त्याच वेगवान इलेक्ट्रॉनांची, पण औषधं वेगळी. किरणोत्सर्गाच्या साठत जाणाऱ्या मात्रेने ट्रान्झिस्टर हळूहळू खचतात. नॉइज मात्र त्या क्षणाचा असतो: इलेक्ट्रॉन कॅमेऱ्याच्या डिटेक्टरमधून, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपमधून, आरपार गेला, की फोटोत पांढरा ठिपका किंवा तिरकी रेघ उमटते. असे ठिपके भरमसाट झाले, की त्यांतला खरा तारा ओळखणं कठीण.

टिकण्यासाठी पेटीला तोड नाही. 2011 मध्ये गुरूकडे निघालेल्या जुनो यानाचे संगणक आणि इतर नाजूक इलेक्ट्रॉनिक्स टायटॅनियमच्या पेटीत आहेत. भिंती साधारण 1 सेंमी जाड, आतल्या सामानासह वजन सुमारे 200 किलो, आणि आतला मारा बाहेरच्यापेक्षा जवळपास 800 पट कमी. एकाच कवचात सगळ्यांचं भागतं. पण कॅमेऱ्याला खिडकी लागते, त्यामुळे जुनोकॅम या त्याच्या कॅमेऱ्याचा डोळा पेटीबाहेरच राहिला.

गॅलिलिओ यानाच्या कॅमेऱ्यात वेगळी युक्ती होती. चिपभोवती टँटलम या जड धातूचा 1 सेंमी थर, फक्त प्रकाशाची वाट मोकळी. टँटलम टायटॅनियमच्या साडेतीनपटीहून जड. अख्खी पेटी त्याची करणं परवडणार नाही, पण नखाएवढ्या चिपपुरतं सहज जमतं. नॉइजसाठी माझा कौल यालाच. फक्त एक लक्षात घ्या: जड धातूत इलेक्ट्रॉन अडतात तेव्हा क्ष-किरण निघतात. म्हणून बाहेरून अ‍ॅल्युमिनियमसारखा हलका थर आणि आत जड, अशी रचना बरी.

तरी नॉइज संपत नाही. जुनोच्या तारे टिपणाऱ्या कॅमेऱ्याला भरभक्कम कवच आहे, पण 10 एमईव्हीहून (एमईव्ही म्हणजे दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, कणांच्या ऊर्जेचं एकक) अधिक ऊर्जेचे इलेक्ट्रॉन त्यातूनही पोचतात. शास्त्रज्ञ आता तेच ठिपके मोजून पट्ट्यांची तीव्रता काढतात, हे मला फार आवडतं! उरलेल्या नॉइजवर आणखी धातू चढवण्यापेक्षा छोटी एक्स्पोजर वारंवार घ्या. जो ठिपका पुढच्या फ्रेममध्ये नाही, तो काढून टाका.

कक्षेने वाचणारं वजनही हिशेबात धरा. युरोपा क्लिपर हे यान गुरूच्या युरोपा या चंद्राभोवती न फिरता गुरूभोवती लांबट कक्षेत फिरेल आणि 49 वेळा युरोपाजवळून जाईल. मारा कमी, पण निरीक्षणाला वेळही तुटक. शनीला जाणार असाल तर गुरूचं कवच जसंच्या तसं उचलू नका. तिथली कडी कणांना शोषून घेतात, पट्टे बरेच सौम्य असतात.

आणि हीटरवर काट मारू नका; कॅमेरा तापवला, की किरणोत्सर्गाने झालेली इजा काही वेळा भरून निघते. गुरूभोवतीच्या 47व्या फेरीपासून जुनोकॅमचे फोटो बिघडू लागले. कॅमेरा 25 अंश सेल्सिअसपर्यंत तापवल्यावर काही फेऱ्या बरे आले, पण 56व्या फेरीपर्यंत जवळजवळ सगळे रेघांनी भरले. गुरूच्या आयो या चंद्राची भेट काही आठवड्यांवर होती. मग हीटर पूर्ण क्षमतेने चालवला. सुरुवातीला फरक दिसेना, पण अगदी शेवटच्या दिवसांत फोटो सुधारले. 30 डिसेंबर 2023 ला यान आयोपासून सुमारे 1,500 किमीवरून गेलं, तेव्हा त्याच कॅमेऱ्याने आयोच्या उत्तर ध्रुवाकडचे डोंगर स्वच्छ टिपले.