गुंतवावं, दाबावं की नुसती सरासरी काढावी?

रविवारी भाची पोहे-जिलबी घेऊन आली, ती वही उघडूनच. "मामा, एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला एंटँगलमेंटनं, म्हणजे कण एकमेकांत गुंतवून, अचूक मोजमाप हा विषय घेतलाय. सर म्हणाले, एकच पद्धत निवड."

वहीत जीएचझेड अवस्थेखाली, म्हणजे सगळे अणू एकाच गाठीत गुंतवलेल्या अवस्थेखाली, दोनदा रेघ. साहजिक आहे. १०० अणू सुटे मोजले, तर चूक एका अणूच्या मानानं १० पट घटते. तेच जीएचझेडमध्ये गुंतवले, तर १०० पट. कागदावर हिच्यापुढे कोण टिकणार?

म्हटलं, आता त्यात नॉईज, म्हणजे बाहेरची गडबड, घाल. प्रत्येक अणू हरवायची शक्यता नुसती १ टक्का धर. सगळे १०० शाबूत राहायची शक्यता ३७ टक्क्यांच्याही खाली येते, आणि एक निसटला की उरलेल्या ९९ मधली फेजची, म्हणजे लहरीच्या ज्या टप्प्यावरून मोजायचं त्याची, माहितीही गेली. अणू हरवलाच नाही, नुसती फेज विस्कटली, तरी सुटका नाही. प्रत्येक अणूला आपापला स्वतंत्र, स्मृतिहीन (आधीच्या क्षणाशी संबंध नसलेला) नॉईज लागत असेल, तर १०० अणूंची जीएचझेड १०० पट लवकर विस्कटते आणि मोजायला वेळच उरत नाही. ह्युएल्गा, सिराक वगैरे भौतिकशास्त्रज्ञांनी १९९७ मध्येच हा हिशेब मांडला: शेवटी अचूकता सुट्या अणूंइतकीच. पहिले पाढे पंचावन्न! अणू बेताचेच गुंतवले तरी फायदा फार तर १.६५ पट.

नॉईज सामाईक असेल तर गोष्ट वेगळी, आणि मला सगळ्यात आवडते ती हीच. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकमध्ये २०११ साली १४ आयन गुंतवले, तेव्हा सगळ्यांना एकच चुंबकीय हेलकावा बसत असल्यामुळे विस्कटणं संख्येच्या वर्गाच्या पटीत वाढलं. पण त्याच गावात २००६ मध्ये कॅल्शियमचे दोनच आयन असे गुंतवले होते, की तो सामाईक हेलकावा एकमेकांत कटून जावा. जे मोजायचं, तेवढं उरलं. काट्यानं काटा काढणं ते हेच. फक्त त्यासाठी नॉईज नेमका कुठला ते आधी ठाऊक हवं.

स्क्वीझ्ड, म्हणजे नॉईज एका बाजूनं दाबलेल्या, प्रकाशाचा बाज वेगळा. कल्पना भौतिकशास्त्रज्ञ केव्हजची, १९८१ ची. लायगोत, म्हणजे अमेरिकेतल्या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या यंत्रांत, एप्रिल २०१९ पासून रोजच्या वापरात. (यात एंटँगलमेंट कुठे, असं सर विचारतील. प्रकाशाच्या बाजूपट्ट्यांमध्ये, म्हणजे मुख्य वारंवारतेच्या अल्याडपल्याडच्या वारंवारतांमध्ये, म्हणावं.) लायगो-इंडिया हिंगोली जिल्ह्यात होतंय आणि आपली इंदूरची आरआरकॅट ही संशोधन संस्था त्यात भागीदार आहे, म्हणजे शंका विचारायला गावातच माणसं.

साधी सरासरी, म्हणजे सुटे अणू मोजून काढलेली, हा काही प्रोजेक्ट नव्हे, पण तिची रेघ प्रत्येक आलेखात हवीच.

माझं मत स्क्वीझिंगला. प्रकाश वाया गेला, तर फायदा घटतो, एकदम शून्य होत नाही. "किती घटतो?" तिनं विचारलं. जिलबीचा पाक लागलेल्या कागदावरच मांडलं: १० डेसिबल दाबला, म्हणजे नॉईज साध्या प्रकाशाच्या ०.१ पट. त्यातला १० टक्के प्रकाश गेला, तर ०.९ गुणिले ०.१, अधिक गेलेल्याच्या जागी शिरणारा साधा नॉईज ०.१, म्हणजे ०.१९, डेसिबलमध्ये ७.२. अर्धा गेला, तर २.६. तिथं मग कितीही दाबलं तरी ३ च्या पुढे जाता येत नाही.

"आणि जीएचझेडची रेघ याच आलेखावर काढली तर?"

काढ म्हटलं. पहिल्या आठवड्याचं काम तेच.