स्लॅम, ओपन माइक की गोल बसून कार्यशाळा? बोलत्या कवितेची सुरुवात कुठून करावी

शाळेत, ग्रंथालयात किंवा एखाद्या गटासाठी स्पोकन वर्ड, म्हणजे लोकांसमोर म्हणायची कविता, सुरू करायचं ठरलं की पहिल्याच बैठकीत कुणीतरी म्हणतं, "स्पर्धा ठेवू, मुलं आपोआप येतील." येतात, हे खरं आहे. पण कोणती मुलं येतात आणि त्यातली किती दुसऱ्यांदा येतात, हे तुम्ही कोणता प्रकार निवडता यावर ठरतं. स्लॅम, ओपन माइक आणि कार्यशाळा हे तिन्ही प्रकार मी घेतले आहेत, तिन्हींत स्वतः कविता म्हटल्या आहेत. माझं मत आधीच सांगते: नवख्यांसाठी सुरुवात स्पर्धेपासून करू नका.

तरीही आधी स्लॅमविषयीच, म्हणजे कवितेच्या स्पर्धेविषयीच, बोलायला हवं, कारण सगळ्यांना ओढ त्याचीच असते. बांधकामावर काम करणारे कवी मार्क स्मिथ यांनी 1980च्या दशकात शिकागोत हा प्रकार रुजवला. 1986पासून तिथल्या ग्रीन मिल या क्लबात तो नियमाने होऊ लागला. काव्यवाचन म्हणजे कवी खाली मान घालून वाचणार आणि लोक जांभया देणार, हे त्यांना मोडायचं होतं. म्हणून त्यांनी श्रोत्यांच्याच हातात गुण दिले.

पद्धत अशी. श्रोत्यांतून पाच परीक्षक निवडायचे. प्रत्येकानं 0 ते 10मध्ये, दशांशासह गुण द्यायचे. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण बाजूला काढून उरलेल्या तिघांची बेरीज. समजा 7.1, 8.0, 8.2, 8.6 आणि 9.4 मिळाले, तर 8.0, 8.2 आणि 8.6 धरून 24.8. वेळ 3 मिनिटं, वर 10 सेकंदांची सवलत. पुढच्या दर 10 सेकंदांना अर्धा गुण कापला जातो. म्हणजे 3 मिनिटं 25 सेकंद घेतली की 24.8चे 23.8 होतात. कविता स्वतःची हवी. वेशभूषा, वाद्य, हातात वस्तू काही चालत नाही.

या नियमांनी काय साधतं ते मी पाहिलंय. 3 मिनिटांत बसवायची म्हटल्यावर मुलं स्वतःहून ओळी खोडायला लागतात, आणि ते निबंधाच्या तासाला कधी होत नाही. श्रोते पुढे सरकून ऐकतात. सभागृह भरायचं असेल तर स्लॅमला तोड नाही.

पण दोन गोष्टी आत शिरतात. एक, संध्याकाळ चढत जाते तसे गुणही चढतात, त्यामुळे सगळ्यांत आधी कविता म्हणणारा मार खातो. दुसरी जास्त गंभीर आहे. जखमेला गुण मिळतात हे मुलांना फार लवकर कळतं. एकदा पंधरा वर्षांच्या एका मुलीनं घरातलं असं काही म्हटलं, जे तिनं त्याआधी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. कागदाची वरची कड थरथरत होती. शेवटची ओळ तिनं न बघता म्हटली. सभागृह गप्प झालं, आणि त्या शांततेत परीक्षकांच्या गुणांच्या पाच पाट्या वर गेल्या. त्यातली एक 7.2ची होती. तिनं आधी पाटीकडे पाहिलं, मग आईकडे. कार्यक्रम मी घेतला होता. तिची कविता आधी कुणी शांतपणे ऐकून घ्यायला हवी होती आणि हे सगळ्यांसमोर म्हणायचंय का, असं तिला विचारायला हवं होतं. दोन्ही झालं नव्हतं.

ओपन माइकला हा धोका कमी. नाव द्या, 5 मिनिटं घ्या, खाली बसा. गुण नसल्यामुळे साठीतले आजोबा आणि नववीतली मुलगी एकाच यादीत सहज येतात. सगळ्या वयाच्या लोकांना एकत्र आणायचं तर हेच बरं. अडचण एकच, पण मोठी: आपलं झालं की लोक उठून जातात आणि शेवटच्या तिघांपुढे रिकाम्या खुर्च्या उरतात. यावर उपाय म्हणजे यादी न लावता दर वेळी चिठ्ठी काढायची. आपला नंबर कधी लागेल हे माहीत नसलं की माणूस बसून राहतो, आणि बसला की ऐकतो. नावं मात्र 15वर थांबवा. तेवढ्यात सूत्रसंचालन धरून दीड तास सहज जातो.

पाठांतराच्या स्पर्धा वेगळ्या. अमेरिकेतली शाळांसाठीची पोएट्री आउट लाउड दुसऱ्यांच्या कविता पाठ करून म्हणण्याची आहे. उच्चार आणि धिटाईसाठी उत्तम, पण मुलांना स्वतःचं लिहितं करायचं असेल तर तिचा उपयोग थोडा.

राहिली कार्यशाळा. आठ ते बारा जणांनी गोल बसायचं, दहा मिनिटं लिहायचं, मग एकेकानं वाचायचं. नको असेल त्यानं 'पुढे' म्हणायचं, कारण विचारायचं नाही. ऐकणाऱ्यांनी 'छान' म्हणायचं नाही, मनात राहिलेली ओळ तशीच परत म्हणायची. आपलीच ओळ दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना मुलांचा चेहरा कसा होतो ते एकदा तरी पाहा. तोटेही आहेत: गर्दी होत नाही, दाखवायला फोटो मिळत नाहीत, आणि चाळीसच्या वर्गाला चार गट आणि चार मोठी माणसं लागतात. तरी पाया हाच. सॅन फ्रान्सिस्कोतली यूथ स्पीक्स ही संस्था 1996पासून तरुणांना लिहितं करते आहे. ब्रेव्ह न्यू व्हॉइसेस हा त्यांचा तरुणांचा स्लॅम महोत्सव त्यानंतर, 1998 साली सुरू झाला.

म्हणून वर्गासाठी ठरवत असाल तर सहा आठवडे कार्यशाळा घ्या, मग एक ओपन माइक, आणि मुलांनी मागितला तरच स्लॅम. हाताशी एकच संध्याकाळ असेल तर चिठ्ठ्यांचा ओपन माइक. आणि मंचावर रुळलेले प्रौढ कवी असतील तर खुशाल स्लॅम घ्या. त्यांना गुण पचवता येतात.

स्लॅम घेतलाच, तर परीक्षकांचा हात बसावा म्हणून सुरुवातीला स्पर्धेबाहेरची एक कविता घेण्याची रीत आहे. आम्ही ती आता शिक्षकांनाच म्हणायला लावतो, स्वतः लिहिलेली. मागच्या वेळी बाईंचा आवाज पहिल्याच ओळीला कापला. पाट्या वर गेल्या, बाईंनी त्या वाचल्या, मान हलवली आणि पहिल्या मुलाला माइक दिला. पुढच्या रांगेतल्या मुलांनी तोवर आवळून धरलेले कागद मांडीवर ठेवले होते.