नवरंगाचं हाइड, बोडीच्या वरच्या अंगाला: पैसे देऊन बसण्यासारखं आहे का?

हाइड म्हणजे लपून बसून पाखरांचे फोटो काढायची जागा, नवरंग हे पाखरू, आणि बोडी म्हणजे लहान तळं. आधी निकाल सांगून टाकते, कारण लय लोक रिव्ह्यू शेवटपर्यंत वाचतच नाहीत. जावं. मे-जूनमध्ये जावं, सकाळच्या पाळीला जावं, आणि फ्लॅश मारणारा मित्र असेल तर त्याला घरी ठेवून जावं. पाचपैकी चार स्टार. एक कापला तो संध्याकाळच्या पाळीसाठी, त्याचं कारण खाली येईलच.

नाव आणि लोकेशन देणार नाही, चिडू नका. हाइडवाल्या भाऊनं बुकिंगच्या वेळीच सांगितलं की लिहाचं ते बिनधास्त लिहा, पिन तेवढी टाकू नका. एवढं सांगते की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत आहे, नवेगाव-नागझिऱ्यापासून फार लांब नाही, कोहळी समाजानं बांधलेल्या जुन्या मामा, म्हणजे मालगुजारी, तलावांचा पट्टा आहे ना, त्यातच. या भागातल्या कोणत्याही पक्षीवाल्याला फोन करा, तो आधी दहा मिनिटं इकडचं तिकडचं बोलेल, तुम्ही कसे आहात ते पाहील आणि मग नंबर देईल. बुकिंगची सिस्टिम हीच आहे आणि माझ्या मते चांगली आहे.

जागा भाऊच्या स्वतःच्या शेतात आहे. खाली बोडी, मग धानाच्या बांध्या, आणि बांध्या संपल्या की साग-मोह-बांबूचं जंगल लागतं, त्या कडेला हाइड. कमरेएवढा खड्डा खोदलाय, उतरायला तीन पायऱ्या, वर टीन आणि टिनावर तणसाचा, म्हणजे धानाच्या वाळल्या काड्यांचा, जाड थर. समोर बांबूचे ताटवे, त्यावर हिरवी जाळी, जाळीत वीतभर उंचीची आडवी फट. खुर्चीवर बसलं की लेन्स बरोबर जमिनीच्या पातळीला येते. आता यात काय एवढं, असं वाटेल, पण सगळा खेळ यातच आहे. बाकी बऱ्याच ठिकाणी उंच बसवतात, वरून फोटो निघतो, म्हणजे पाखराची पाठ आणि मागं चिखल. नवरंगाचं तर वरून पारच वाटोळं होतं, कारण त्याचा तो पोटाखालचा लाल रंग वरून दिसतच नाही. इथं डोळ्याला डोळा, मागचं जंगल बरंच लांब, त्यामुळं बॅकग्राउंड सगळं मऊ हिरवं होऊन जातं, काही एडिट करावं लागत नाही.

पाणी फटीपासून पंधरा-सोळा फुटांवर. सिमेंटचं उथळ टाकं आहे, कडेला दोन बोटं पाणी, मधी वीतभर. वर फांदीला एक जुना तेलाचा डबा टांगलाय, त्यातून थेंब थेंब पडत राहतं. मला आधी वाटलं शोसाठी असेल, तर भाऊ म्हणे पाणी नुसतं असून भागत नाही, पाखराले त्याचा आवाज गेला पायजे. खरंच आहे ते, डबा रिकामा झाला आणि थेंब थांबले की वर्दळ कमी झालेली कळते, मग पोरगा मागून येऊन गुपचूप डबा भरून जातो.

अंतर कमी असल्यामुळं मोठ्या लेन्सचा रुबाब इथं चालत नाही. क्रॉप बॉडीवर, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, ६०० एमएमची लेन्स लावली तर १९ सेंटिमीटरचं पाखरूसुद्धा फ्रेमभर होतं आणि पाण्यातलं प्रतिबिंब बाहेर जातं. ३०० किंवा ४०० बस झाली. ट्रायपॉड आणू नका, फटीखाली लाकडी फळी आहे, बीनबॅग ठेवा, रिकामी पिशवी नेली तरी चालते, भाऊकडे तांदळाची कमी नाही.

आता पाखराबद्दल, म्हणजे इंडियन पिट्टा, आपला नवरंग. थंडी काढतो दक्षिणेत आणि श्रीलंकेत, आणि पावसाच्या तोंडावर आपल्याकडे वीण करायला येतो. ऐकू सगळ्यांना येतो, सकाळ-संध्याकाळ ती दोन सुरांची शीळ गावातल्या पोट्ट्यांनाही पाठ असते, पण पाहिलाय का विचारलं तर मानेनंच नाही म्हणतात, कारण तो फिरतो जमिनीवर, वाळलेल्या पाल्यात, दाट सावलीत, आणि माणसाची चाहूल लागली की जागच्या जागी गप्प. जंगलात पायी फिरून मला आजवर त्याची शेपटीच काय ती भेटली होती.

इथं कसा आला ते सांगते. आधी पाला उलटल्याचा आवाज. मला वाटलं सातभाई असतील, त्यांचा तर सकाळपासून नुसता कलकलाट चालू होता. मग टाक्याच्या उजव्या कडेला एक सागाचं पान, पाखराहून मोठं, अर्धवट वर झालं आणि बाजूला पडलं, आणि त्याच्यामागं तो. दोन उड्या, थांबला. शेपटीचं ते आखूड खुंट वर-खाली केलं. परत दोन उड्या. डोळ्यावरून जाणारी काळी पट्टी, तिच्यावर बारीक पांढरी रेघ, खांद्यावर चमकणारा निळा तुकडा, एवढ्या जवळून की चोचीच्या टोकाला लागलेला चिखल दिसत होता. पाणी प्यायला, मान वर करून गिळलं, मग पोटापर्यंत पाण्यात शिरून जे अंग घुसळायला लागला ते थांबेचना. तेव्हा मी कॅमेरा सोडून नुसती पाहत बसले, फोटो आधीच झाले होते.

सेटिंगचं विचारलं जाईलच म्हणून: सकाळी सातपर्यंत आत एवढा अंधार असतो की आयएसओ ३२०० च्या खाली काही जमत नाही, मी ६४०० पर्यंत गेले. शटर १/२०० चाललं कारण तो उडी मारून थांबतो, त्या थांब्यात दाबायचं. सायलेंट शटर असेल तर तेच लावा, नसेल तर पहिला घोट पिऊन होईपर्यंत बटणाला हात लावू नका, पहिल्या खटक्याला पळतो तो लवकर परत येत नाही.

बाकी हजेरी: पांढरा स्वर्गीय नर्तक, नर, लांब शेपटीचा, पाण्याला वरच्या वर शिवून जातो, त्याचा धड फोटो कोणाच्यानं होत नाही. टकाचोर, पाचू कवडा, नारिंगी डोक्याचा कस्तूर, हळद्या. मधीच शिक्रा, पाखरं मारणारा शिकारी पक्षी, येऊन बसला आणि सगळं रान चिडीचूप, वीसेक मिनिटं एक पाखरू हललं नाही. थोड्या वेळानं परत शिक्र्याचा आवाज आला म्हणून सगळे दबा धरून बसलो, तर तो भृंगराज निघाला, नकला करतो ना तो. मोबाईलवर मर्लिन, म्हणजे आवाजावरून पाखरू ओळखणारं अॅप, चालवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, भृंगराज जवळपास असला की कानावर आणि अॅपवर दोन्हीवर भरोसा नाही, डोळ्यांनी पाहिल्याशिवाय लिहू नका. आपल्याकडच्या पक्ष्यांचा पॅक घरूनच डाउनलोड करून या, मग ते बिनारेंजचं चालतं, आणि इथं रेंज नाहीच.

आता ज्याच्यासाठी मी एवढं लिहायला बसले ते. इथं आवाज लावत नाहीत. म्हणजे स्पीकरवर पाखराची शीळ वाजवून त्याला बोलावणं, जे आजकाल लय ठिकाणी सर्रास चालतं. माझ्यासोबत त्या दिवशी शहरातून आलेले एक साहेब होते, भारी कॅमेरा, आठ वाजले तरी त्यांच्या मनासारखा फोटो झाला नव्हता, तर त्यांनी खिशातून छोटा ब्लूटूथ स्पीकर काढला. भाऊ मागच्या बाजूनं वाकून आला आणि एकदम हळू आवाजात म्हणाला, "साहेब, ते खिशात ठेवा जी. याचे आता घरट्याचे दिवस हायेत. त्याले वाटते दुसरा नर आला, मंग तो सारं सोडून भांडाले येते अन् तिकडं मादी एकटी. तुमाले फोटो भेटन, नाही भेटला तं पुढल्या खेपेले या, अर्धेच पैसे घेईन." साहेबांनी पैशाचा विषय काढला, जास्त देतो वगैरे. भाऊ म्हणे, "पैशाचं नाही जी ते." मग साहेबांनी घरटं कुठं आहे ते तरी दाखवा म्हटलं, त्यावर भाऊनं सरळ सांगितलं की १९७२ च्या कायद्यात घरट्याले डिस्टर्ब करणं शिकारीतच मोडते, मी नाही दाखवत, दुसऱ्या कोणालेही नाही दाखवलं. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या पण हाइडमध्ये बसलो होतो.

बुकिंग केलं की त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये टाकतात, रोज काय दिसलं ते त्यावर येतं. असे ग्रुप छप्पन आहेत, माझ्या मोबाईलमध्येच किती म्यूट पडलेत. याचं वेगळं काय, तर हा माणूस काहीच आलं नाही त्या दिवशी 'आज काहीच नाही' असं लिहितो. ऐन सीझनमध्ये, शनिवार-रविवार तोंडावर असताना! दुसऱ्या एका ठिकाणी, नाव घेत नाही, मागच्या वर्षीचे फोटो आज सकाळचे म्हणून टाकतात, मी त्या भरवशावर अर्धा जिल्हा ओलांडून गेलेली आहे, आणि तिथं गेल्यावर कळतं की पाखरू आठवडाभर फिरकलंच नाही. भाऊच्या मेसेजमध्ये पाखराचं नाव, वेळ, किती होते, आणि पाण्यावर आलं की नुसता आवाज आला, एवढं साधं असतं. त्याची पोरगी हेच सगळं ई-बर्डवरही, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदींच्या वेबसाइटवर, भरते, वेळ आणि मोजदाद धरून, भाऊ तिला मोठ्यानं सांगतो आणि ती टाइप करते.

घुबडं, कोणतंही घरटं, आणि सारस, यांची जागा ग्रुपवर टाकायची नाही हा नियम आहे, टाकली तर मेसेज उडवतो आणि दुसऱ्यांदा टाकली तर माणूसच उडवतो. सारसाचं तर इकडं सगळ्यांनाच जपून असतं. महाराष्ट्रात सारस म्हटलं की गोंदिया जिल्हाच, इथं दरवर्षी उन्हाळ्याच्या शेवटी गणना होते आणि आकडा बोटांवर मोजण्याइतका येतो, २०२१ मध्ये हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली तेव्हा कुठं सरकारी हालचाल दिसायला लागली. अशा पाखराच्या घरट्याची पिन फिरवली की दुसऱ्या दिवशी धानाच्या बांधीत बूट घालून दहा जण उभे. ई-बर्डसुद्धा धोक्यातल्या काही पक्ष्यांची नेमकी जागा लोकांना दाखवत नाही, मग आपण काऊन दाखवायची? ग्रुपवर एकानं रानपिंगळा, ते दुर्मिळ घुबड, कधी दाखवता असं विचारलं होतं, त्याला भाऊनं मेळघाटचा रस्ता सांगितला. १८८४ नंतर थेट १९९७ ला परत सापडलेलं पाखरू, ते काय डब्याच्या थेंबावर येणार आहे का!

तक्रारी. संध्याकाळची पाळी घेऊ नका. फटीचं तोंड पश्चिमेला आहे, चारनंतर ऊन थेट लेन्समध्ये, साडेपाचला झाडांची सावली पडते तोपर्यंत सगळे फोटो धुरकट. आणि दुपारभर टीन तापलेलं असतं, तणस कितीही टाका, खड्ड्यात हवा हलत नाही, घामानं व्ह्यूफाइंडरला वाफ धरते. फट दुसऱ्या अंगाला फिरवता येईल का विचारलं तर तिकडं शेजाऱ्याचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, लागतो म्हणे. खुर्च्या प्लास्टिकच्या आहेत आणि जरा हललं की करकरतात, त्यापेक्षा मोढे ठेवले असते तर बरं झालं असतं. चौघांची जागा म्हणतात पण तिघांचीच आहे, चौथ्याला कोपऱ्यातून नुसती डब्याची बाजू दिसते.

बायकांसाठी महत्त्वाचं: हाइडजवळ बाथरूम नाही. घरी आहे, स्वच्छ आहे, कडी नीट लागते, पण घर पाचेक मिनिटं मागं आहे आणि हाइडमध्ये बसायची वेळ सुरू झाली की मधी उठता येत नाही, म्हणजे येतं, पण सगळ्यांची पाखरं उडतात. पहाटे चहा जपून प्या. शेवटचा रस्ता पांदणीचा आहे, पाऊस होऊन गेला असेल तर गाडी गावातच ठेवा.

जेवण पूर्ण दिवसाच्या पॅकेजमध्ये येतं आणि त्याचा एक वेगळा स्टार द्यायला पाहिजे होता. भाऊच्या आईच्या हातचं. भात, वरण, लाखोळीच्या डाळीचे वडे, वर सांबार (कोथिंबीर)-मिरचीचा ठेचा, आणि तलावातले झिंगे मिळाले त्या दिवशी झिंग्यांचा रस्सा. माय आग्रह करत नाहीत, ताट रिकामं दिसलं की न विचारता वाढतात.

रेट: सकाळची पाळी १२००, संध्याकाळची १०००, जेवणासकट पूर्ण दिवस २०००. रोख न्या, रेंज नसल्यामुळं फोनवरून पैसे जात नाहीत. पाच वाजता आत बसवतात, उशीर झाला तर पहिलं पाखरू येऊन जाईपर्यंत बाहेर थांबावं लागतं, यात वशिला चालत नाही. जूनचा पाऊस धरला की पाणी जिकडंतिकडं होतं, पाखरं टाक्यावर येत नाहीत, आणि तसंही धानाची रोवणी सुरू झाली की भाऊ हाइड बंद करून चिखलात असतो, तेव्हा फोन उचलला नाही म्हणून खराब रिव्ह्यू टाकू नका. थंडीत बोडीच्या काठाला बदकांसाठी वेगळे ताटवे लावतो म्हणे, तिकडं मी अजून गेले नाही, कोणी बसून आलं असेल तर सकाळी धुकं किती वाजेपर्यंत राहतं तेवढं सांगा.